बुधवारची कोंबडी

मी आता बोरिवलीत राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे. पुढे जाळीत पांढऱ्या कोंबड्या दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि मागच्या टोपलीत चार-दोन तांबड्या-काळ्या. रविवारी माझा नंबर आला की दुकानदार मान वर न करता विचारतो, "गावठी की बॉयलर?" इतकी वर्षं झाली, तरी मला उत्तर द्यायला वेळ लागतो. मागून कुणीतरी ओरडतं, "ओ ताई, बोला ना पटकन!" त्यांचं काही चुकत नाही. दोन कोंबड्यांतून एक निवडायला इतका विचार कशाला लागतो, हे त्यांना कसं कळणार?

त्या वेळात मला कांजूरमार्गच्या चाळीतले माझे घरमालक आठवत असतात.

चाळीत त्यांना पाठीमागे 'गावठी' म्हणत. 'गावठी आले', 'गावठी नळावर आहेत'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, थोडंसं आवडतही होतं. मी त्यांना आजोबा म्हणायची. मूळचे सावंतवाडीकडचे. सत्तरी ओलांडली तरी काठीसारखे सरळ. चेहऱ्यावर भुवया नव्हत्या. गिरणीच्या बॉयलरवर बावीस वर्षं कोळसा ओढला, त्या धगीत भुवया गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यामुळे ते रागावलेत की चकित झालेत, हे कळायला मला पहिले सहा महिने लागले.

मी जिंतूरची. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली पहिली. बी.ए. झाले आणि अंधेरीच्या एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी लागली. एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आजोबा आणि आजी या नवरा-बायकोने आपला पोटमाळा दिला. आजीने पहिल्या दिवशी शिडी धरली आणि म्हणाली, "चढ गो चेडवा, घाबरू नको. पडलंस तर खाली मी आसंय." मुलीला त्यांच्याकडे चेडू म्हणतात, हे मला त्या शिडीवर कळलं. मुंबईने मला पुढे बरंच काही दिलं, पण ती शिडी धरलेली होती म्हणून मी वर चढले.

आजोबा बाहेरच्यांशी साधं मराठी बोलत. घरात आणि रागात मालवणी.

पहिल्याच आठवड्यात मी एक आगाऊपणा केला. रविवार होता. शेजारच्या घरातून चिकनचा वास येत होता आणि आजोबा नाक मुरडून म्हणाले, "बॉयलर शिजता आसा." मी नुकतीच पदवीधर झालेली. मला राहवेना.

"आजोबा, तो शब्द बॉयलर नाही. ब्रॉयलर. इंग्रजी आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. भुवया नसल्याने मला अंदाज येईना.

"किती वर्सा शिकलंस गो तू?"

"पंधरा."

"मी बावीस वर्सा बॉयलरवर होतंय. माका बॉयलर शिकवतंस?"

आतून आजी म्हणाली, "अवो, चेडू खरा सांगता. इंग्रजीत तसाच आसतला."

"इंग्रजीत कायव असू दे," असं म्हणून त्यांनी मला समोर बसवलं आणि समजावलं. त्यांचं म्हणणं त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. बॉयलरमध्ये काय करतात? पाणी भरतात, खालून जाळ लावतात आणि फुगवतात. त्या कोंबडीचंही तेच. दिवसरात्र दिवा, पुढ्यात दाणा, आजारी पडायच्या आधीच औषध, दीड महिन्यात फुगली की सुरी. "आपल्या पायान जी कधी चलली नाय, ती तुका काय बळ देतली?" आणि मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य, जे मी पुढे शंभरदा ऐकलं: "वाफ जितक्या बेगीन चढता, तितक्या बेगीन उतरता."

साऱ्या चाळीत, साऱ्या मुंबईत लोक त्या कोंबडीला बॉयलर म्हणतात ते चुकून. आजोबा तेवढे विचारपूर्वक म्हणायचे.

त्यांची कोंबडी यायची आरे कॉलनीतून. दर रविवारी पहाटे उठून ते बसने जात. आत, रस्ता सोडून झाडीत, एक वारली पाडा होता. तिथल्या एका म्हातारीकडे कोंबड्या होत्या. मी एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. मला वाटलं, जायचं, घ्यायची, यायचं. आजोबा जांभळाखालच्या दगडावर जाऊन बसले ते उठेचनात. अर्धा तास नुसते कोंबड्यांकडे बघत होते.

म्हातारी वैतागली. "बाबा, किती बघशील? लगीन करायचंय काय तिच्याशी?"

"थांब गो. माती कोण उकरता ता बघूंदे."

दाणा टाकला की धावते ती नको. दाणा टाकलेला असूनही जी बाजूला जाऊन माती उकरते, ती हवी. अखेर एक तांबडी त्यांना पसंत पडली. तिला हातात घेतल्यावर त्यांनी डोळे मिटून तिला नमस्कार केला, आणि मग पाय बांधून पिशवीत घातली, मान बाहेर ठेवून. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने पिशवीकडे बघून विचारलं, "काका, हिचं तिकीट?"

"उभी रवतली," आजोबा म्हणाले.

सगळी बस हसली. आजोबा हसले नाहीत. उतरताना मला म्हणाले, "स्वतः शोधून खाता, तीच दुसऱ्याक जगवता. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. पण मनातून मला ते सगळं थोडं विचित्र वाटायचं. आमच्याकडे गावठी कोंबडी म्हणजे गरिबी. आईने पाच कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांची अंडी विकून माझ्या वह्या यायच्या, म्हणून त्या कोंबड्या आम्ही कधी खाल्ल्या नाहीत. पुढे जिंतुरात बॉयलरचं दुकान निघालं. तिथून पिशवी घेऊन येणारा माणूस म्हणजे चार पैसे बाळगून असणारा. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी बाप सायकलवरून गेला आणि एक किलो बॉयलर घेऊन आला. आईने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती फोडणीला टाकली. माझ्या पदवीची चव विचाराल तर ती बॉयलरची आहे.

एकदा जेवताना आजोबांचं बॉयलर-पुराण चालू असताना मी हे सांगून टाकलं. त्यांचा हात ताटातच थांबला. आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते म्हणाले, "बापाशीन हाडलली कोंबडी बॉयलर नसता."

हाडलली म्हणजे आणलेली. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी बॉयलरला कधी नावं ठेवली नाहीत.

आजीला कॅन्सर निघाला तेव्हा मला तिथे दुसरं वर्ष लागलं होतं. पोटाचा. आजी मुळात लहानखुरी, आता तर शिडीला टेकून उभी राहिली की शिडीच जास्त दिसायची. सलाईनमधून औषध सुरू झालं. दोनदा झाल्यावर डॉक्टरांनी आजोबांना आणि मला बाजूला घेतलं. वजन सदतीसवर आलं होतं. ते चाळीसच्या वर गेल्याशिवाय पुढचं औषध देता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. प्रोटीन द्या, अंडी द्या, चिकन द्या, काहीही द्या.

"काहीही?" आजोबांनी विचारलं.

"काहीही, आजोबा. त्या खातील ते."

आजोबांनी त्यातलं 'चिकन' तेवढं ऐकलं. बाहेर येताना ते जवळजवळ आनंदात होते. जन्मभर ज्या गोष्टीवरून लोकांनी थट्टा केली, तिचीच आता गरज पडली होती. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. ते पहाटे गेले, तासभर बसून कोंबडी निवडली, घरी स्वतः साफ केली, स्वतः शिजवली. कोंबडी ते आजीला कधीच शिजवू देत नसत. दोन तास मंद आचेवर. आजीपुढे वाटी ठेवून ते दारात जाऊन बसले, म्हणजे तिला संकोच नको. वाटी रिकामी आली. पुढच्या रविवारीही रिकामी आली.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. माझी सुट्टी बुधवारी असायची. आजोबा हॉस्पिटलात रिपोर्ट आणायला गेले होते. मी आजीचं अंथरूण बदलायला घेतलं, तर उशीखाली रुमालाची पुरचुंडी. आत मांसाचे तुकडे. चघळून चोथा झालेले, वाळलेले.

मी काही बोलायच्या आधीच आजी रडायला लागली.

"दात लागना नाय गो. तोंडात सगळी आग जाता." औषधाने तिच्या तोंडात फोड आले होते. "पण ते पहाटेचे उठून जातत. नको कसा म्हणू?"

मी पुरचुंडी हातात धरून उभी होते. आजीने पदराने डोळे पुसले आणि एकदम हळू आवाजात, शाळेतल्या मुलीसारखं म्हणाली, "माका बॉयलरची आण. मऊ असता म्हणतत. ह्यांका सांगू नको हां."

मी कोपऱ्यावरून पाव किलो आणली. तिखट नाही, मसाला नाही. लसूण, हळद, मीठ. कुकरच्या तीन शिट्ट्या. आजीने बोटांनी धागे काढून एक एक तोंडात घातला. जिभेने टाळ्याशी दाबून गिळला. चार तुकडे खाल्ले, वर अर्धी वाटी रस्सा. मग भिंतीला टेकून हसली.

"एकावन्न वर्सा ह्यांच्या हातचो दगड खाल्लंय गो. तेव्हा दात होते."

मी भांडी घासली, खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. हाडं मात्र घाईत दाराबाहेर मांजरीपुढे टाकली. आजोबा आले तेव्हा मांजर गॅलरीत हाडं कडाकडा फोडत बसली होती. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग चपला काढून आत आले आणि रिपोर्टची पिशवी खुंटीला लावली. वासाबद्दल काही बोलले नाहीत. आम्ही सुटलो.

दोन दिवसांनी चहा पिताना ते म्हणाले, "आतापासून मी आरेत बुधवारी जातलंय. आयतवारी गाडीवाले येऊक लागलेत. बरी बरी कोंबडी तेच नेतत."

ते खरंही होतं. मोठ्या सोसायट्यांतले लोक तब्येतीसाठी गावठी शोधत आरेत येऊ लागले होते. आजीने माझ्याकडे बघितलं. नंतर कानात म्हणाली, "देवान ऐकला गो."

त्यानंतर आमचे बुधवार ठरून गेले. आजोबा पहाटे जात ते दुपारी येत. तोवर आमची बॉयलर शिजून, आजीच्या पोटात जाऊन, कुकर घासून जागेवर. संध्याकाळी आजोबांची गावठी. आजी तिचे दोन घोट रस्सा पिऊन "भरला हां पोट" म्हणायची आणि आजोबा उरलेली सगळी कोंबडी माझ्या ताटात वाढायचे. "खा. तुझ्या आंगात रगात नाय." मी खायची. दुसरं काय करणार?

वजन करायला ते आजीला भंगारवाल्याकडे नेत. हॉस्पिटलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "भंगारवाल्याचो काटो कधी जास्त दाखवचो नाय. त्याच्याकडे चाळीस म्हणजे चाळीस." जुने पंखे आणि रद्दीच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आजी त्या लोखंडी पाटावर चढायची.

"काय रे, काय भाव देतंस माझो?" ती विचारायची.

"आजी, सोन्याचा भाव आपल्याकडे नाही," भंगारवाला म्हणायचा.

एके दिवशी काटा एकेचाळीसवर थांबला. आजोबांनी वाकून दोनदा बघितलं. मग मला म्हणाले, "तू चढ." मी चढले. माझं चार किलो वाढलं होतं. "बघ! गावठी!" चाळीच्या गॅलरीत उभे राहून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं: तिची गेलेली वाफ परत आली, कोणी आणली? गावठीने. ज्यांनी त्यांना नाव ठेवलं होतं तेच आता पाड्याचा पत्ता विचारायला आले. आजोबा त्यांना रस्ता समजावत होते आणि मी बाजूला खाली मान घालून उभी होते. गावठी सगळी माझ्या अंगी लागली होती.

आजीला पुढचं औषध मिळालं. आणखी एकदा मिळालं. मग पोटात पाणी व्हायला लागलं आणि वाढवलेलं सगळं वजन तीन आठवड्यांत गेलं. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा आहे. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. ऑफिसात कानाला फोन लावून लोकांच्या तक्रारी लिहून घेताना मध्येच आजोबांचं वाक्य ऐकू यायचं. वाफ जितक्या लवकर चढते. मीच चढवली होती ती. त्या अंगाला खरं बळ हवं होतं तेव्हा मी पाव-पाव किलो वाफ भरत बसले, असं वाटायचं. शिकलेली मी. आजोबांचा एक शब्द दुरुस्त करायला गेलेली.

आजी एका मंगळवारी दुपारी गेली. माझा हात धरून नाही, आजोबांचाही नाही. आम्ही दोघं चहा टाकायला उठलो होतो तेवढ्यात.

दिवस झाले. तेराव्याचं गोड जेवण झालं. त्यांच्या घरात चौदाव्या दिवशी तिखटाचं जेवण असायचं, आणि गेलेल्या माणसाचं पान आधी मांडायचं, त्याच्या आवडीचं. आजोबांची मुलगी सावंतवाडीहून आली होती. ती म्हणाली, "आईक काय आवडायचा? कोंबडीच वाढूया. आरेत कोण जातलो?"

आजोबा उठले. पिशवी घेतली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, नाश्तो तरी करून जावा, दुपार होतली येऊक."

ते दहा मिनिटांत परत आले. हातात काळी प्लॅस्टिकची थैली.

मुलीने आत बघितलं. "बाबा! ह्या काय? बॉयलर?"

"होय."

"आईच्या पानावर बॉयलर वाढतलास?"

त्यांनी तिला बाजूला केलं आणि स्वतः गॅसपाशी उभे राहिले. मी शिडीपाशी होते. त्यांनी लसूण ठेचली. हळद घातली. मीठ घातलं. मसाल्याच्या डब्याला हात लावला नाही. कुकर लावला आणि तीन शिट्ट्या मोजल्या. मी करत होते तशी. मी कधीच त्यांच्यासमोर केली नव्हती तशी.

गॅलरीच्या टोकाला केळीच्या पानावर त्यांनी भात वाढला, रस्सा वाढला आणि खाली बसून एका तुकड्याचे बोटांनी धागे काढून ठेवले. पाण्याचा तांब्या ठेवला. बाकीचे आत गेले. मी तिथेच राहिले.

"आजोबा, मी..."

"ठावक होता." ते पानाकडेच बघत होते. "गावठीचा हाड मांजरीक फुटना नाय. त्या बुधवारी फुटला."

म्हणजे पहिल्याच बुधवारी. "मग तुम्ही आरेत का जात राहिलात? बुधवारीच का?"

"मी घरात बसान रवलंय असतंय, तर तुमका शिजवूक गावला असता?" त्यांनी पानावरची माशी हाताने हाकलली. "आणि कोंबडी हाडूची बंद केली असती तर तिका वाटला असता, ह्यांनी आशा सोडली."

तो पाडा, तो जांभळाखालचा दगड माझ्या डोळ्यांपुढे आला. घरी आम्ही कुकर घासून जागेवर ठेवेपर्यंत हा माणूस त्या दगडावर बसून राहत होता, आजी खाणार नाही हे माहीत असलेली कोंबडी निवडत.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. रडत विचारलं, त्यामुळे नीट झालं नसेल. "तिने गावठीच खाल्ली असती तर ती..."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. कुकर त्यांच्या बाजूलाच होता. त्यातला एक तुकडा त्यांनी काढला, तळहातावर ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा बॉयलर तोंडात घातली. दात असून त्यांनी ती चावली नाही. आजीसारखी जिभेने टाळ्याशी धरली. बराच वेळ धरली.

पुढे चाळ पाडायला निघाली आणि ते गावी गेले. ते गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, त्यालाही आता दोन वर्षं झाली. पण मला ते नेहमी त्या गॅलरीतच दिसतात, भुवया नसलेला तो चेहरा पानाकडे वळवून बसलेले. तुकडा गिळून झाल्यावर त्यांनी दुसरा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले,

"मऊ आसा गो."